जुन्या छायाचित्रांची दुरुस्ती : एआयला मोकळीक किती द्यावी?

फाटलेले किंवा डागाळलेले छायाचित्र एआयच्या साहाय्याने दुरुस्त करताना मी एक पथ्य कटाक्षाने पाळतो. भिंत, आकाश, कपडे यांच्या बाबतीत सॉफ्टवेअरला जवळजवळ पूर्ण मोकळीक द्यायची आणि चेहऱ्यापाशी मात्र त्याला हात आखडता घ्यायला लावायचा. घडी पडून भिंतीवर उमटलेली पांढरी रेघ आजूबाजूचा पोत पाहून बुजवली गेली, तर त्यात कोणाचेच काही बिघडत नाही. चेहऱ्याचे तसे नसते, कारण पापणीची कड किंवा ओठांची ठेवण किंचित बदलली तरी घरातल्यांना तो माणूस परका वाटू लागतो.

असे का होते, हे या प्रणाली कशा शिकतात ते पाहिले की उमगते. २०२१ मधील जीएफपीगॅन किंवा २०२२ मधील कोडफॉर्मर यांसारख्या चेहरे सुधारणाऱ्या प्रणालींना शिकवण्यासाठी ७०,००० स्पष्ट चेहऱ्यांचा एक संग्रह वापरला गेला. त्यातील छायाचित्रे मुद्दाम धूसर आणि खराब करून त्यांवरून मूळ चित्र कसे गाठायचे, हे संगणकाला शिकवले गेले. त्यामुळे मूळ छायाचित्रात जो तपशील उरलेलाच नाही, तो सॉफ्टवेअर शोधून काढत नाही, तर पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांच्या आधारे नव्याने रचते. २०२० मध्ये ‘पल्स’ या अशाच एका प्रणालीने बराक ओबामा यांच्या अतिशय धूसर चित्रावरून एका गोऱ्या माणसाचा चेहरा तयार केला होता, तेव्हा त्यावर बराच वादही झाला.

समूह छायाचित्रात हा धोका सर्वाधिक असतो. मागच्या रांगेतील चेहरा स्कॅनमध्ये जेमतेम तीस-चाळीस पिक्सेल रुंदीचा भरतो आणि तेवढ्या ऐवजावर सॉफ्टवेअर अख्खा माणूस उभा करते. अशा एका चेहऱ्यावर माझ्यासमोर घडलेला प्रकार सांगतो : चष्म्याची बारीक काडी गालात विरघळून गेली, हनुवटीवरचा तीळ डाग समजून पुसला गेला आणि मिटलेल्या ओठांच्या जागी शुभ्र दंतपंक्ती उमटली. चित्र देखणे होते, यात शंका नाही. फक्त ते त्या गृहस्थांचे नव्हते.

म्हणून सुधारलेला चेहरा मी स्वतंत्र लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर ठेवतो, त्याखाली मूळ स्कॅन असतो आणि वरच्या लेयरची पारदर्शकता वाढवत दोहोंचा मेळ घालतो. कोडफॉर्मरमध्ये शून्य ते एक असा एक आकडा निवडता येतो. तो शून्याकडे नेला तर चित्र अधिक चकचकीत होते, एककडे नेला तर मूळ चेहऱ्याशी अधिक इमान राखते. मी दुसरी बाजू पत्करतो. त्याच व्यक्तीचे त्याच वयातील दुसरे छायाचित्र हाताशी असल्यास तुलना करणे सोपे जाते.

खरे तर निम्मे यश स्कॅनिंगमध्येच असते. मोबाइलवर घाईने टिपलेल्या, प्रकाशाची चमक आलेल्या प्रतीवर कितीही प्रक्रिया केली तरी हाती फारसे लागत नाही. सपाट काचेच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर किमान ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० बिंदू), कृष्णधवल असले तरी रंगीत स्कॅन आणि तपशील न गमावणारी टिफ स्वरूपातील फाइल, एवढे सांभाळावे. काही दोषांना तर एआयची गरजच नसते : साठ-सत्तरच्या दशकांतील अनेक रंगीत प्रतींमधील निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी विरतो आणि चित्र तांबूस दिसू लागते, लाल, हिरवा आणि निळा हे चित्राचे तीन रंगघटक (चॅनेल) वेगवेगळे समतोल केले की ते बरेचसे सावरते.

कृष्णधवल चित्रे रंगवण्याबद्दल मी अधिकच सावध आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जाणवत नसे, त्यामुळे तिच्यावर लाल वस्त्र जवळजवळ काळे आणि फिकट निळे वस्त्र पांढरे दिसते. तेव्हा त्या करड्या छटांवरून सॉफ्टवेअरने दिलेला रंग हा निव्वळ अंदाज असतो. कपड्यांचा रंग आठवणारे कोणी असेल, तर त्यांना विचारून तो हाताने भरावा आणि रंगीत प्रतीच्या फाइलच्या नावातच तसा उल्लेख करावा. तसे कोणी नसेल, तर मी चित्र कृष्णधवलच ठेवतो.