गोग-मागोग आणि आमचा टँकर

मे महिन्यातला दुसरा रविवार. आमच्या चर्चमध्ये बाहेरून आलेले प्रचारक बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याचा अडतिसावा अध्याय उघडून शेवटच्या काळात इस्राएलवर चालून येणारा शत्रू गोग-मागोग म्हणजे कोण ते समजावत होते. भिंतीवर प्रोजेक्टर, त्यावर नकाशा, नकाशावर लाल बाण. उत्तरेकडून निघालेला बाण इस्राएलपाशी पोचतोय न पोचतोय तोच बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. आधी शेवटचा बाक हलला, मग त्याच्या पुढचा. दोन मिनिटांत बायांची बाजू निम्मी रिकामी! प्रचारक चष्मा काढून म्हणाले, "पाहा, शेवटच्या काळात लोक असेच जगिक गोष्टींमागे धावतील." मी तोवर दारात पोचले होते. एका हातात शास्त्र, दुसऱ्यात चपला.

आमचा जिल्हा कागदावर आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच. आणि आमचा तालुका कायमचा दुष्काळी. टँकर गावविहिरीत पाणी ओततो आणि मग पोहरे पडतात. ज्याचा दोर लांब, त्याचा हंडा आधी भरतो. जलजीवनचे नळ दोन वर्षांपूर्वी दारात आले. माणशी रोज 55 लिटर असं योजनेत आहे. आमच्या नळाला मी सध्या पायपुसणं वाळत घालते.

माझे भाऊजी रोज पहाटे पाचला मोबाइलवर व्हिडिओ पाठवतात. कुठे भूकंप, कुठे लढाई, कुठे टोळधाड, आणि खाली ठरलेलं वाक्य, चिन्हं पूर्ण होत आहेत. मी थट्टा करत नाही. प्रभू पुन्हा येणार हे मी दर रविवारी उभी राहून म्हणते आणि मनापासून म्हणते. पण चौतीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलंय. निकालाची तारीख कधी म्हणून रोज विचारणारी पोरं अभ्यासाला बसत नाहीत, एवढं मला कळतं.

बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा येतो. तो मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं, म्हणजे बॅबिलोनचं, जू मोडेल, तिथल्या राजाने पकडून नेलेली माणसं परत येतील. यिर्मया आधी काय म्हणतो? आमेन, देव तसंच करो. मला हे फार आवडतं, कारण त्यालाही तेच हवं होतं. पण हनन्या त्याच्या मानेवरचं, बाबेलच्या ताब्याची खूण म्हणून घातलेलं लाकडी जू काढून मोडतो, तरी यिर्मयाचा आकडा बदलत नाही. सत्तर वर्षं. पुढच्याच अध्यायात तो बाबेलातल्या आपल्या माणसांना पत्र धाडतो. घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं तेच तुमचं भलं. पत्र वाचणारी बहुतेक मोठी माणसं तिथेच मातीत जाणार होती. भविष्यवाणी म्हणून त्यांच्या हातात आलं ते हे, मळा लावा.

बुधवारच्या प्रार्थनासभेत वचन सांगायची पाळी माझी होती. मी आमोस संदेष्ट्याचा चौथा अध्याय काढला. एका नगरावर पाऊस पडला, दुसऱ्यावर नाही. दोन-तीन गावची माणसं पाण्यासाठी धडपडत एका गावी गेली, तरी त्यांची तहान भागली नाही. आमच्यातली एक म्हातारी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. ती मध्येच म्हणाली, "बाई, हे तर आपलंच लिवलंय." खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मी पुढे गेले आणि आपल्या विहिरीचा विषय काढला.

ही विहीर मिशनच्या काळातली. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली. आमच्या वाडीत बरंच नंतर. वाडीतली आमची खापरपणजोबांची पिढी महार-मांग. गावच्या विहिरीवर त्यांना चढू देत नसत. बाया खाली घागर घेऊन बसायच्या, कुणाला दया आली तर वरून ओतणार. म्हणून ही विहीर खणली. काठावरच्या दगडाला दोराने पडलेल्या खाचा अजून आहेत, करंगळी बसेल एवढ्या खोल. आता आत मोटर आहे, वर लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. मागच्या उन्हाळ्यापासून चर्चच्या पंच कमिटीचा ठराव आहे की पाणी फक्त मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभासदांना. गायरानातल्या भिल्ल वस्तीतल्या बाया दोनदा येऊन परत गेल्या. त्यातली एक माझी विद्यार्थिनी. जाळीपाशी रिकामी कळशी घेऊन ती उभी होती आणि मी घरातून पाहत होते. त्या दिवशी मी बाहेर गेले नाही, हेही सांगून टाकते.

तर बुधवारी मी यहेज्केलचाच चौतिसावा अध्याय वाचला, प्रचारकांच्या अध्यायाच्या चार पानं अलीकडचा. धष्टपुष्ट मेंढरं स्वच्छ पाणी पितात आणि उरलेलं पायांनी गढूळ करतात, ते बाकीच्या मेंढरांना प्यावं लागतं, म्हणून देव रागावतो. एक पंच उठले. म्हणाले, "बाई, वचन सांगा, राजकारण नको. हे देवाचं घर आहे."

मला हसूच आलं. आमोसला बेथेलचा याजक अमस्या नेमकं असंच म्हणाला होता. इथे बोलू नकोस, हे राजाचं पवित्रस्थान आहे, तुझ्या गावी जाऊन भाकर खा. त्यावर आमोस म्हणतो, मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही, मी गुरं राखणारा, उंबरं सांभाळणारा. मला असलं उत्तर वेळेवर कधी सुचत नाही. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या आजीची घागर कोण भरायचं?" सभा तिथेच मोडली. प्रार्थनाही झाली नाही.

शुक्रवारच्या ग्रामसभेला आम्ही अकराजणी गेलो. टँकरच्या खेपांची नोंदवही वाचून दाखवा म्हणालो. वही तालुक्याला गेलीय असं कळलं. वह्या नेहमी तालुक्यालाच जातात. पुढच्या वेळी मागणी लेखी देणार आहोत आणि पोच घेणार आहोत, हे यिर्मयाकडून शिकले. शेत विकत घेतलं तेव्हा त्याने साक्षीदार उभे केले, चांदी तोलून दिली आणि खरेदीखत मडक्यात घालून ठेवलं.

विहिरीचं म्हणाल तर चर्चच्या पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. सकाळी पाच ते सात जाळी सगळ्यांना उघडी, पाऊस पडेपर्यंत. चावी माझ्याकडे. तेच पंच काल तक्रार घेऊन आले की मोटर दोन तास जास्त चालते, बिल कोण भरणार? प्रश्न रास्त आहे. मी चहा टाकला, त्यांनी मागच्या तीन महिन्यांची बिलं टेबलावर पसरली. येत्या रविवारी उपासना संपल्यावर बैठक आहे. टँकर आला नाही तर.