रिकाम्या खुर्च्यांचं वर्ष

विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला आम्ही राहायला गेलो तेव्हा फुटबॉल पायाने खेळतात एवढंच मला ठाऊक होतं. यजमान तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकवत. त्यांच्या वर्गातली मुलं शनिवारी पर्किन्स स्टेडियमवर जांभळ्या जर्सीत अमेरिकन फुटबॉल खेळतात, चेंडू हातात धरून एकमेकांना आडवं करतात म्हणून एकदा बघायला गेले, आणि मग जातच राहिले.

हंगाम संपला की संघाचं जेवण असे. स्वागत, अहवाल, बक्षिसं नेहमीचीच. मी जायचे ती शेवटच्या वर्षाच्या मुलांची निरोपाची भाषणं ऐकायला. आमचा संघ कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या गटात, डिव्हिजन तीनमध्ये; तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. फी भरून हाडं मोडून घ्यायची. ही मुलं बोलायला लागली की मला रुमाल शोधावा लागे.

2009, 2010, 2011 अशी सलग तीन वर्षं संघ प्लेऑफच्या, म्हणजे हरला की बाहेर अशा बाद फेऱ्या जिंकत व्हर्जिनियातल्या सेलमला पोचला. स्टॅग बोल, म्हणजे डिव्हिजन तीनच्या अंतिम सामन्यात समोर दर वेळी ओहायोच्या माउंट युनियन कॉलेजचा संघ, आणि तिन्ही वेळा आम्ही जिंकलो. 2011 ला तर 13-10! जेवणाला हॉल फुलून जायचा. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या शनिवारी दुसऱ्या फेरीला स्टँड ओस पडलेले असायचे, तेव्हा न दिसलेली मंडळी इथे पुढच्या टेबलांवर. (नावं लक्षात आहेत, लिहीत नाही.)

2012 ला बफेलो स्टेट कॉलेजने 7-6 ने हरवलं, सलग 46 विजयांची मालिका तुटली, पुढे प्लेऑफही हुकला. जेवणाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

त्या रात्री एक धिप्पाड मुलगा उठला. चार वर्षांत तो सामन्यात फारसा उतरलाच नव्हता. तो होता स्काउट टीममध्ये: आठवडाभर सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची आणि आपल्याच मुलांचा मार खायचा. हातातल्या कागदाच्या चार घड्या, त्यावर कोकच्या ग्लासचा ओला गोल. तो म्हणाला, तीन वर्षं दर डिसेंबरात मी सरावात माउंट युनियनचा खेळाडू होतो आणि तिन्ही वेळा हरलो; यंदा पहिल्यांदाच डिसेंबरभर व्हाइटवॉटरचा आहे. आधी हशा पिकला, मग कोणी काही बोलेना. प्रशिक्षक लान्स लायपोल्ड मान खाली घालून बसले होते.

आभार मात्र नीट मानायला हवेत. चिखलाच्या जर्सी धुणारे आजोबा, घोटे बांधून देणाऱ्या मुली, स्टँडवरचं बर्फ ओढणारे, साखळी धरून यार्ड मोजणारे, बँडवाले, सेलमपर्यंत बस हाकणारे दोघे ड्रायव्हर, तिकीट खिडकीवरच्या बाई. आणि हो, सरावाचं चित्रीकरण करायला वाऱ्यात शिडीवर चढणारा पोरगा! माझा चिवडा तोच संपवायचा.

2013 ला माउंट युनियनला 52-14 ने हरवलं. जेवणाला खुर्च्या पुरल्या नाहीत. मी आणि जर्सी धुणारे आजोबा मागे भिंतीला टेकून उभे राहिलो.