मुलीला वसतिगृहात सोडताना पालकांनी मुक्काम करावा का : सेलू ते छत्रपती संभाजीनगर

प्रवेश निश्चित झाल्यावर महाविद्यालयाच्या कार्यालयातून आम्हाला दूरध्वनीवर सांगण्यात आले होते की, सोडायला येणाऱ्या पालकांची अतिथीगृहात सोय होते, तेव्हा निवांत या. प्रत्यक्षात अतिथीगृह बाहेरून आलेल्या परीक्षकांसाठी राखून ठेवलेले होते. मुलीला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी सोडून परतल्यावर माझे मत पक्के झाले आहे. पालकांपैकी एकानेच जावे, खोली ताब्यात येऊन तिला कुलूप लागेपर्यंत थांबावे आणि त्याच संध्याकाळी परतावे.

सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसने परतूर, जालना मार्गे झालेला प्रवास सुखाचा होता आणि त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. हीच गाडी संध्याकाळी मनमाडहून परत येते, त्यामुळे सेलू-परभणीकडच्या पालकांना एका दिवसात जाऊन येणे शक्य आहे. एसटीने जायचे असेल तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. आई आणि मुलगी अशा दोघीच गेल्या तर दोघींचे मिळून एकच पूर्ण तिकीट होते.

आम्हाला मात्र मुक्काम करावा लागला, कारण वसतिगृहाची खोली शुल्काच्या पावतीशिवाय मिळत नव्हती आणि पावती देणारी खिडकी दुपारच्या सुटीनंतर उघडलीच नाही. पाऊस सुरू होता आणि हातात पत्र्याची पेटी, गादी, बादली होती. ज्या लॉजवर आम्ही गेलो, तिथे फोनवर ८०० रुपये सांगितलेली खोली समोर उभे राहिल्यावर १,५०० रुपयांची झाली. मुलीसाठी जादा गादीचे वेगळे, सकाळच्या गरम पाण्याचे वेगळे आणि बारा वाजता खोली सोडायची हे पैसे घेतल्यानंतर सांगितले. प्रवेशाच्या दिवसांत सगळीकडे हाच भाव असतो, असे व्यवस्थापक शांतपणे म्हणाला. सामान घेऊन भिजत उभ्या असलेल्या माणसाकडून असे पैसे काढणे ही उघड लूट आहे आणि तिचा राग मला अजून आहे. शहरात नातेवाईक नसतील तर निघण्यापूर्वीच खोलीचे भाडे, माणसांची संख्या आणि वेळ संदेशावर लिहून घ्यावी. तोंडी शब्दावर जाऊ नये.

दुसरी गोष्ट कोणीच आधी सांगत नाही. मुलींच्या वसतिगृहात वडिलांना फाटकाच्या आत, फार तर रेक्टरच्या, म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्या प्रमुखाच्या, खोलीपर्यंत सोडतात. दुसऱ्या मजल्यापर्यंत पेटी मुलीने आणि तिच्या आईने ओढत नेली आणि मी खाली झाडाखाली उभा राहिलो. म्हणून मुलीसोबत आईने, मावशीने किंवा मोठ्या बहिणीने जावे, आणि दोघींना एका खेपेत उचलता येईल एवढेच सामान द्यावे. गादी आणि बादली तिथेच मिळतात, पण फाटकासमोरच्या दुकानात घेऊ नयेत. दोन गल्ल्या पुढे भाव बराच उतरतो.

थांबणारा पालक कामाचा असतो तो कागदांसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याचे आणि पालकाचे स्वतंत्र द्यावे लागते. ते घरूनच ऑनलाइन भरून ठेवावे. प्रथम वर्षाच्या मुलींची राहण्याची जागा वेगळी आहे का, हे रेक्टरना समोरासमोर विचारावे आणि १८००-१८०-५५२२ हा चोवीस तास चालणारा मदत क्रमांक मुलीच्या वहीत लिहून द्यावा. स्थानिक पालकाचे, म्हणजे त्याच शहरात राहणाऱ्या ओळखीच्या जबाबदार माणसाचे, नाव, पत्ता आणि छायाचित्रही मागतात. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे, परंतु वसतिगृह, मेस आणि अनामत यांचे पैसे त्यात येत नाहीत. अनेक पालक खिडकीपाशी पोहोचल्यावर ही गोष्ट ऐकतात आणि मग बँक शोधत फिरतात.

दुसऱ्या दिवशी पावती मिळाली, खोली मिळाली आणि तरीही आम्ही संध्याकाळपर्यंत रेंगाळलो. त्या वेळात तिच्या खोलीतल्या अंबाजोगाई आणि जिंतूरच्या मुली एकत्र मेसमध्ये जेवल्या, दोरी बांधून कपडे वाळत घालायची जागा वाटून घेतली आणि आमची मुलगी मात्र आमच्यासोबत बाहेर खाणावळीत बसली होती. आई-वडील बाहेर थांबलेले असताना कोणतीही मुलगी मनाने वसतिगृहात राहायला जात नाही. मेसचे पहिले जेवण तिने खोलीतल्या मुलींबरोबरच घ्यावे आणि त्याआधी पालकांनी निघालेले असावे. मुलाला सोडायचे असले तरी माझे मत हेच आहे. एखादे मूळ प्रमाणपत्र अपुरे असेल किंवा मुलीला नियमित औषधोपचार चालू असेल, तरच एक रात्र थांबणे मला समजते.

घरी गेल्यावर रोज दहा वेळा फोन करू नये. रात्रीच्या जेवणानंतरची एक वेळ ठरवावी. पहिल्याच रविवारी भेटायला जाण्याचा मोहही टाळावा. आपल्याकडे १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुटी असते, त्या सुमारास तिलाच घरी येऊ द्यावे. जाड पांघरूण, स्वेटर आणि उरलेली पुस्तके तिने तेव्हा स्वतः घेऊन जावीत.