तालुक्याचा ड्रॉ आणि खासगी-सरकारीचा वाद

ऑगस्ट लागला की क्रीडा शिक्षकांच्या ग्रुपवर तालुकास्तर शालेय स्पर्धांचं वेळापत्रक येतं आणि त्याच्या मागोमाग जुनी मागणी सुरू होते : खासगी शाळांच्या स्पर्धा वेगळ्या घ्या, जिल्हा परिषदेच्या पोरांनी त्यांच्यासमोर किती दिवस मार खायचा? दुखणं खरं आहे. पण खान्देशात ही रेघ ओढायला बसलं की ती भलत्याच जागी जाते.

आपल्याकडे हायस्कूल म्हटलं की ते बहुतेक संस्थेचंच असतं. जिल्हा परिषदेची शाळा चौथी-पाचवीला नाहीतर सातवी-आठवीला संपते, पुढचं शिक्षण गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या अनुदानित विद्यालयात. कागदावर हे विद्यालय खासगी. पण शिक्षकांचा पगार शासनाचा, इमारत लोकवर्गणीची आणि फी नावापुरती. साने गुरुजींनी ज्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं तेसुद्धा संस्थेचंच होतं. दुसरीकडे २०१२ च्या कायद्याने आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा आहेत, तीन तालुक्यांतून बस फिरवून पोरं आणणाऱ्या. त्याही खासगीच. आणि सरकारी गटात कोण? जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा आणि तळोदा, नंदुरबार, धुळे, यावल या आदिवासी विकास प्रकल्पांतल्या शासकीय आश्रमशाळा, एकाच रांगेत. आश्रमशाळेची पोरं निवासी. पहाटे साडेपाचला मैदानावर येऊ शकतात, आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत जळगाव-धुळ्याच्या इंग्रजी शाळांना ती मागे टाकतात. तेव्हा "खासगी विरुद्ध सरकारी" असे दोन ड्रॉ पाडले, तर पारोळ्याकडचं एखादं अनुदानित विद्यालय शहरातल्या श्रीमंत शाळेच्या तावडीत सापडेल आणि जिल्हा परिषदेची शाळा आश्रमशाळेच्या. वाद तसाच राहील, फक्त ट्रॉफ्या दुप्पट लागतील.

अमेरिकेत हाच वाद अनेक वर्षं चालू आहे. तिथे हायस्कूलच्या स्पर्धांत आधी पटसंख्येवरून वर्ग पाडतात, मग खासगी शाळांसाठी तोडगे काढतात. इलिनॉयने २००५ साली ठराविक हद्द नसलेल्या, म्हणजे कुठूनही विद्यार्थी घेऊ शकणाऱ्या शाळांच्या पटाला १.६५ ने गुणायचं ठरवलं. ६०० मुलांची शाळा ९९० ची धरायची आणि वरच्या वर्गात खेळवायची. अलाबामाने १.३५ चा गुणक वापरला. इंडियानाने खासगी-सरकारी भेदच केला नाही. जी शाळा सलग जिंकते तिला एक वर्ग वर ढकलायचं, मग ती कोणाचीही असो. मला इंडियानाचं सगळ्यात पटतं. पण यातलं काहीही आपल्याकडे उचलून आणता येत नाही, कारण आपल्याकडे वर्गच नाहीत. १२० पटाची शाळा आणि ३,००० पटाची शाळा एकाच ड्रॉमध्ये. गुणायचं कशाला?

मग फायदा नेमका कुठे आहे, हे तपासायला तीन गोष्टी बघा : शाळेला हद्दीबाहेरून पोरं घेता येतात का, पूर्णवेळ क्रीडा शिक्षक आहे का, आणि ऑगस्टमध्ये वापरता येईल असं मैदान आहे का.

क्रीडा शिक्षकाचं फार लांबवत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक धरलेला आहे. पहिली ते पाचवीला तोही नाही. जिल्हा परिषदेच्या किती शाळांत सहावी ते आठवी मिळून शंभर पोरं भरतात, ते केंद्रप्रमुखाला विचारा. मग गणिताचे सर शिट्टी गळ्यात अडकवून संघ घेऊन येतात. "नऊ जणांपैकी बसायचे किती?" असं खो-खोच्या पंचांना विचारणारे सर दरवर्षी एक तरी भेटतात. आठ बसतात, एक पळतो. त्यात त्यांची चूक काय?

वयोगटाची एक गंमत मात्र फारशी कोणी मोजत नाही. २०२५-२६ ला १४ वर्षांखालील गटासाठी १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतरचा जन्म लागत होता. म्हणजे वेळेवर पहिलीत गेलेली, आठवीतली बरीचशी पोरं या गटात बसत होती, आणि गटातली सगळ्यात दणकट पोरं तीच. आता ज्या जिल्हा परिषद शाळेत सातवीपर्यंतच वर्ग आहेत, तिचा संघ एका वर्षाने लहान. या वयात एक वर्ष म्हणजे चार बोटं उंची आणि चार-पाच किलो वजन. कबड्डीत पकड सुटते ती तिथेच. समोरची शाळा खासगी आहे म्हणून नाही, तिच्यात आठवी आहे म्हणून. अशा शाळांनी १४ खालच्या कबड्डीपेक्षा खो-खोत उतरावं. तिथे हलकं अंग आणि दिशा बदलण्याची चपळाई चालते, आणि खर्चही नाही. दोन खांब, एक दोरी, फक्की. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपये क्रीडा साहित्याला धरलेले आहेत. ते कॅरम बोर्डात आणि प्लॅस्टिकच्या बॅटींत घालवण्यापेक्षा खांब आणि बूट घ्या.

मैदानाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त सामने तिथेच हरले जातात. तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिकटते. स्पर्धा असतात ऑगस्ट-सप्टेंबरात. एक झड आली की काळ्या मैदानावर तीन-चार दिवस पाय ठेवता येत नाही, आणि त्याच चार दिवसांत हॉलवाली शाळा मॅटवर रोज दोन तास सराव करते. यावर उपाय आहे आणि तो संस्थाचालकांच्या कृपेवर अवलंबून नाही. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, चारही बाजूंनी दीड मीटर मोकळी जागा धरून ३० बाय १९. एवढ्या जागेतली वरची १० सेंटीमीटर काळी माती आधी काढून टाकायची. ही पायरी गाळून नुसता वर मुरूम पसरला की पहिल्या पावसात खालची काळी फुगते, मुरूम उचलला जातो आणि मैदानाला पोटं येतात. पैसे पाण्यात जातात ते इथेच. मग दबून १५ सेंटीमीटर राहील असा मुरूम. हिशोब करा, ५७० चौरस मीटरला सुमारे ३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), पण दबाई धरता सैल मुरूम ३६ ते ३८ ब्रास आणावा लागतो. मधोमध कडेपेक्षा चार बोटं उंच ठेवा, पाणी दोन्हीकडे उतरलं पाहिजे. संध्याकाळी पाणी मारायचं आणि सकाळी ओल असतानाच रोलर फिरवायचा. कोरड्यावर फिरवला तर खडा फुटतो, चिखलावर फिरवला तर रोलरलाच चिकटतो. काम एप्रिल-मे मध्ये उरका, म्हणजे जूनच्या दोन पावसांत ते बसतं. जुलैत टाकलेला मुरूम त्या वर्षी पायाखाली सरकतच राहतो. ट्रॅक्टर गावातले, मुरूम ग्रामपंचायतीचा ठराव आणि तहसीलदारांची परवानगी घेऊन. परवानगीशिवाय उचलू नका, ट्रॉली अडकली की मुख्याध्यापक अडकतो.

तरीही मातीवरून थेट मॅटवर गेलेल्या संघाचे हाल होतात, हेही खरं. विभागाच्या पुढे कबड्डी मॅटवर असते. मातीत अंगठा रोवून वळायची सवय असलेला चढाईपटू मॅटवर बुटात वळायला गेला की पाय अडकतो, गुडघा सोलतो. तालुक्याला एकाच शाळेकडे मॅट असेल तर जिल्ह्याला जाणाऱ्या संघाला, तो कोणत्याही शाळेचा असो, आठ दिवस त्यावर सराव द्यायचा, असं तालुक्याच्या नियोजन बैठकीतच लिहून घ्यावं. तोंडी ठरलेलं ऐन वेळी "हॉलमध्ये कार्यक्रम आहे" वर जातं.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. सांघिक खेळात आपली रचना अशी की तालुक्याला जिंकलेली शाळा जिल्ह्याला, तिथली विजेती नाशिक विभागाला, विभागाची राज्याला. संघ शाळेचा. म्हणजे शाळा हरली की पोरगा संपला. साक्रीच्या एखाद्या शाळेतला अव्वल पकडपटू पहिल्याच फेरीत बलाढ्य संघासमोर पडला, तर वर्षभरात त्याचा एकच सामना होतो. ॲथलेटिक्सला असं होत नाही, तिथे घड्याळ शाळा विचारत नाही. आश्रमशाळांची पोरं धावण्यात दिसतात आणि कबड्डीत फारशी दिसत नाहीत, त्याचं एक कारण हेच.

आणि वरून बाद पद्धत, हरला तो बाहेर. अकरा संघ आले तर पाच जणांना पुढे चाल, म्हणजे न खेळताच दुसरी फेरी, आणि पहिल्या फेरीत तीनच सामने. दहा सामन्यांत स्पर्धा उरकते, पण कमीत कमी चार आणि वाईट ड्रॉ पडला तर सात संघ एकच सामना खेळून घरी जातात. जिल्ह्याच्या स्पर्धेला तर एवढ्यासाठी धडगावकडची पोरं चांदसैली घाट उतरून आलेली असतात, पावसाळ्यात दरड आली नाही तर. चार तास प्रवास आणि अर्धा तास खेळ.

साखळी लावा, म्हणजे गटातला प्रत्येक संघ बाकीच्या सगळ्यांशी खेळेल. अकरा संघांचे चार, चार आणि तीन असे गट. सहा, सहा आणि तीन, असे पंधरा सामने, मग दोन उपांत्य आणि एक अंतिम. एकूण अठरा. पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव, मध्यंतर आणि संघ बदलायचा वेळ धरून कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांचा. दोन मैदानांवर सहा तास. पण एका दिवसात उरकायला जाऊ नका, अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाचे चार-पाच सामने होतात आणि पोरांच्या पायात गोळे येतात. गटातले सामने एका दिवशी, उपांत्य-अंतिम दुसऱ्या वयोगटाच्या दिवशी जोडून. एक भांडण हमखास होतं : उपांत्य फेरीला तीन गटविजेते आणि चौथा संघ सर्वोत्तम उपविजेता, तो कसा काढायचा? तीनच्या गटात दोनच सामने होतात, चारच्या गटात तीन. म्हणून चारच्या गटातला तळाच्या संघाविरुद्धचा सामना वगळून गुणफरक बघायचा. हे सकाळी, पहिली शिट्टी वाजायच्या आधी, फळ्यावर लिहा. दुपारी सांगितलं की ते कोणाच्या तरी बाजूने केलं असंच वाटतं.

गेल्या वर्षीचे विजेता आणि उपविजेता वेगवेगळ्या गटांत टाका. तेवढं मानांकन पुरे.

प्रवेशाचा मुद्दा नाजूक आहे. सातवी-आठवीतून निघालेला चांगला खेळाडू संस्थेने फी माफ करून वसतिगृहात घेतला, तर त्यात पोराचं नुकसान काही नाही. त्याला प्रशिक्षक मिळतो, दोन वेळचं जेवण मिळतं. उद्या राज्यस्तरावर पदकापर्यंत पोचला तर दहावीच्या सवलतीच्या गुणांपासून नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणापर्यंतची वाट उघडते. त्याला अडवण्यात कसला आलाय न्याय? अडवायचं असेल तर ऑगस्टमध्ये, स्पर्धेच्या आठ दिवस आधी दाखला फिरवून आणलेल्या पोराला. ३१ जुलैनंतर प्रवेश घेतलेला खेळाडू त्या वर्षी सांघिक खेळात नको, एवढा साधा नियम तालुक्याच्या बैठकीत मांडण्यासारखा आहे. अपवाद एकच ठेवा, आईबापाच्या मागे ऊसतोडीला किंवा कामाला जाऊन परतलेली पोरं. नाहीतर नियम श्रीमंत शाळेसाठी केला आणि बसला नवापूरच्या मजुराच्या पोरीला, असं होईल.

वयाच्या कागदांवर तक्रार करताना एक सांभाळा. जनरल रजिस्टरला १ जून ही जन्मतारीख दिसली की लगेच "खोटी" म्हणून बोट दाखवू नका. जन्माची नोंद नसलेल्या पोरांना गुरुजींनी अंदाजाने हीच तारीख टाकण्याची पद्धत जुनी आहे. त्यात कोणी प्रत्यक्षात मोठं असतं, तसं कोणी लहानही असतं. पहिलीचा प्रवेश अर्ज मागवा, बोनाफाईडवर जाऊ नका. बोनाफाईड शाळाच लिहिते.

पंचांचं तर उघड आहे. मैदान ज्या संस्थेचं, तिचेच सर मुख्य पंच, आणि तिचाच संघ अंतिम फेरीत. सर कितीही सरळ असले तरी निदान रेषेवर उभं राहून निर्णय देऊ नयेत. शेजारच्या तालुक्याशी अदलाबदल करा, शिरपूरचे पंच शिंदखेड्याला आणि तिथले इकडे, भाडं आणि भत्ता प्रवेश शुल्कातून. धावण्याच्या मार्गाची आखणीही बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या. एक एकराच्या लांबट मैदानात २०० मीटरचा चार लेनचा ट्रॅक बसतो : सरळ भाग ५० मीटर, वळणाची आतली रेघ १५.७२ मीटर त्रिज्येची. लेन १.२२ मीटरची असेल तर एका फेरीला प्रत्येक बाहेरच्या लेनला ७.६७ मीटर पुढे उभं करावं लागतं. तालुक्याला हे अंतर बऱ्याचदा पावलांनी मोजतात. दोन पावलं कमी पडली की चौथ्या लेनच्या पोराची शर्यत सुरुवातीलाच गेली, आणि ओरड होते ती खासगी शाळेच्या नावाने.

शेवटी, हरलेल्या संघातली पोरं. शालेय स्पर्धेची रचना तालुका बदलू शकत नाही, पण जिल्हा कबड्डी आणि खो-खो संघटनांच्या किशोर आणि कुमार गटांच्या निवड चाचण्यांना खेळाडू शाळेच्या नव्हे, क्रीडा मंडळाच्या नावाने उतरतो. साखळी संपली की पंचांनी बाद झालेल्या संघांतली पाच-सहा नावं लिहायची : नाव, शाळा, जन्मतारीख, डावा कोपरा की उजवा, पालकांचा नंबर. कागद त्याच दिवशी संघटनेच्या सचिवाकडे आणि एक प्रत त्या शाळेच्या मुख्याध्यापकाकडे. दिवाळीच्या आधी पोचला पाहिजे. दिवाळीनंतर निम्मे पालक ऊसतोडीला गेलेले असतात आणि फोन लागत नाही.