बँकॉकचा ‘बंद’ राजवाडा आणि ती पांढरी भिंत

आधी मुद्द्याचं सांगतो. बँकॉकचा ग्रँड पॅलेस आज बंद आहे असं रस्त्यात उभा असलेला माणूस सांगत असेल, तर तो थापा मारतोय. मग शर्टाला कितीही कडक इस्त्री असो आणि गळ्यात कसलंही ओळखपत्र लटकत असो. राजघराण्याचा एखादा समारंभ असला की वाडा किंवा त्याचा काही भाग खरंच बंद ठेवतात, पण ते राजवाड्याच्या संकेतस्थळावर आधी कळतं. फुटपाथवरच्या भल्या माणसाकडून नाही.

आम्ही एप्रिलच्या सुट्टीत गेलो होतो. मी, बायको, सासूबाई आणि कॉलेजातला भाचा. मेट्रो राजवाड्याच्या दारात सोडते असं जो तो सांगत होता. दारात कसली! सनाम चाई स्टेशन आहे देखणं, आतून दरबारासारखं सजवलंय, पण ते वाड्याच्या दक्षिणेला आणि पर्यटकांचं फाटक उत्तरेला, ना फ्रा लान रस्त्यावर. मध्ये आधी वाट फो लागतं (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे देऊळ) आणि मग वाड्याची पांढरी भिंत सुरू होते. या भिंतीचा पूर्ण घेर १९०० मीटरचा आहे. स्टेशनपासून फाटकापर्यंत सव्वा-दीड किलोमीटर सहज होतं आणि भिंतीलगत सावलीचं नाव नाही. चुन्यावरून ऊन परत तोंडावर येतं.

आम्ही अकोल्याचे, त्यामुळे ३७ अंश ऐकून हसलो होतो. आमच्याकडे ४४ ला लग्नाच्या वराती निघतात. पण तिथे घाम वाळतो, इथे वाळतच नाही. हवा इतकी दमट की अंगावरचा सदरा दहा मिनिटांत धुण्यातून काढल्यासारखा झाला, आणि घाम वाळत नाही म्हटल्यावर अंग थंड होणार कसं? विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांनी आपल्या उन्हाच्या सवयीवर इथे विसंबू नये. पाण्यात मीठ-साखरेची पुडी टाकून प्या.

हे ठग बरोबर याच भिंतीपाशी उभे असतात, माणूस थकला की गाठतात. आमचा गृहस्थ अतिशय नम्र. ‘आज बौद्ध सण, सकाळी फक्त थाई लोकांना प्रवेश, तुम्हाला एक वाजता.’ माझ्याच हातातल्या नकाशावर पेनाने गोल केले आणि एक टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, बोलावून दिली: ४० बाटमध्ये तीन देवळं फिरवून परत इथेच. बाट म्हणजे अडीच-तीन रुपये धरा, म्हणजे जवळजवळ फुकटच. पहिलं देऊळ खरंच दाखवलं. नंतर गाडी थांबली ती सूट शिवणाऱ्याच्या दुकानापुढे. ‘काही घेऊ नका, पाच मिनिटं नुसतं बघा, मला पेट्रोलचं कूपन मिळतं.’ तिथून दागिन्यांचं दुकान. नीलम आजच्या दिवस निम्म्या किमतीत म्हणे. सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. “जावईबापू, मला देव बघायचाय. खडे आपल्याकडे सराफाकडे मिळतात,” म्हणाल्या. दुकान नको म्हटल्यावर ड्रायव्हरचा चेहरा उतरला आणि कुठल्याशा चौकात त्याने आम्हाला उतरवून दिलं. परत फाटकाशी पोहोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. फाटक सकाळी साडेआठपासून उघडंच होतं.

म्हणून तुम्ही मेट्रोने जाऊच नका, नावेने जा. बीटीएसने, म्हणजे पुलावरून धावणाऱ्या शहर-रेल्वेने, सफान ताक्सिनला उतरा, खालीच साथोर्न धक्का आहे. केशरी झेंड्याची नाव पकडायची, कुठेही उतरा १६ बाट. धक्क्यावर निळ्या झेंड्याच्या पर्यटक नावेची तिकिटं मोठमोठ्याने विकत असतात. नदी तीच, धक्के बहुतेक तेच, पैसे जास्त. केशरी नावेत कंडक्टर बाई पत्र्याची लांब नळी खुळखुळवत येते. त्याच नळीत सुटे पैसे, त्यातच तिकिटांची गुंडाळी, आणि तिकीट फाडायचं तेही नळीच्या कडेवर. सुटे ठेवा. था चांग धक्क्यावर उतरलात की फाटक पाच-सात मिनिटांवर आणि भिंतीची प्रदक्षिणा वाचते. मात्र धक्क्यांच्या आसपास खाजगी लांबट होड्यांचे दलाल असतात. माणशी हजार बाटपासून सुरुवात करतात. त्यांच्याकडे बघूसुद्धा नका.

राजवाड्याचं तिकीट परदेशी माणसाला ५०० बाट. महाग आहे, पण द्यावं. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. भाच्याच्या हाफ पँटला फाटकावरच अडवलं. समोरच्या दुकानात हत्तीछाप पायजमा २०० बाटला घ्यावा लागला, तसाच दुसऱ्या दिवशी बाजारात शंभरला दिसला. साडीला कोणी काही म्हणालं नाही.

आत गेल्यावर बहुतेक लोक भर अंगणात सोनेरी स्तूपापुढे फोटो काढत भाजून निघतात. तुम्ही सरळ कडेच्या ओवऱ्या धरा. वाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केओ देवळाभोवती या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकियन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलंय. वर छप्पर, पायाखाली गार फरशी. हिरव्या तोंडाचा रावण, पांढराशुभ्र मारुती, सोन्याच्या वर्खातले मुकुट. सासूबाईंनी सेतू बांधतानाचं चित्र कोणी न सांगता ओळखलं आणि त्यानंतर प्रत्येक चित्रापुढे त्याच आमच्या गाईड झाल्या. मारुतीराया इथे ब्रह्मचारी नाहीत, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. देवळातली पाचूच्या बुद्धाची मूर्ती जेमतेम ६६ सेंटीमीटरची, उंच चौथऱ्यावर. वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे तिची वस्त्रं बदलतात. आत फोटो काढू देत नाहीत. आवारातच राणी सिरिकितच्या नावाचं वस्त्रसंग्रहालय आहे. ते याच तिकिटात आहे आणि आत एसी आहे. वस्त्रांत रस असो नसो, जाऊन बसा.

वाट फो वाड्याच्या पाठीलाच आहे, तिकीट ३०० बाट. ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध बघा, तळपायांवरचं शिंपल्याचं काम बघा. उरलेलं आवार दुपारी सोडून दिलं तरी चालेल. मग था तिएन धक्क्यावरून ५ बाटच्या होडीने पलीकडे वाट अरुण, तिकीट २०० बाट. चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं शिखर जवळून बघण्यासारखं आहे, पण पायऱ्या शिडीसारख्या उभ्या. गुडघे दुखत असतील त्यांनी खालूनच हात जोडावेत. साडेचारनंतर गेलात तर दगड जरा निवलेला असतो.

शाकाहारी मंडळींनी पिवळ्या पाटीवरचं लाल थाई ‘जे’ (เจ) ओळखायला शिकावं, नाहीतर साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो. पोळी-भाजीच हवी असेल तर सनाम चाईच्या पुढचं स्टेशन साम योत, तिथून पाहुरातची भारतीय वस्ती चालत जाण्याजोगी. संध्याकाळी चायनाटाउनमध्ये फिरलो, मजा आली.

टुकटुकवाला दुकानांत फिरवू लागला तर वाद घालत बसू नका, गर्दीच्या ठिकाणी उतरा. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, इंग्रजीत बोलतात. आणि रस्त्याने जाताना बोल्ट किंवा ग्रॅबचं टॅक्सीचं ॲप वापरा, भाडं आधीच दिसतं.