दोनाचे चार : टी४३०मध्ये क्वाड कोअर

शनिवार. आधी निवड

कित्येक महिने 'करू करू' म्हणत ढकललेलं काम अखेर हातात घेतलं : लॅपटॉपमधला दोन कोअरचा (गणितं करणाऱ्या दोन केंद्रांचा) प्रोसेसर काढून चार कोअरचा, म्हणजे क्वाड कोअर, बसवायचा. मशीन लेनोवो थिंकपॅड टी४३०, आत इंटेलचा आय५-३३२०एम. २०१२ सालचा आयव्ही ब्रिज (इंटेलची तिसरी पिढी), दोन कोअर, चार थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं), २.६ गिगाहर्ट्झ, टर्बोला (गरजेला आपोआप वाढणाऱ्या वेगाला) ३.३. १६ जीबी रॅम आणि एसएसडी आधीच घातलेली, त्यामुळे रोजच्या कामात कुरकुर नाही. पण व्हिडिओ एन्कोड (दुसऱ्या स्वरूपात रूपांतर) करायला लावला किंवा काही मोठं कंपाइल करायला (प्रोग्रामचा कोड मशीनच्या भाषेत आणायला) घेतलं की चारही थ्रेड शंभर टक्क्यांवर जातात आणि माउसचा बाणसुद्धा लंगडत चालतो.

हा उद्योग जमतो तो या पिढीत प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो म्हणून. तिसऱ्या पिढीत नावाच्या शेवटी 'एम' किंवा 'क्यूएम' असेल तर आशा धरायला हरकत नाही, 'यू' असेल तर चिप बोर्डाला सोल्डर केलेली, विषय संपला. चौथ्या पिढीत 'एमक्यू' सॉकेटवाला आणि 'एचक्यू' सोल्डरवाला. पुढे इंटेलने लॅपटॉपमधलं सॉकेट गुंडाळलंच. तरी नुसत्या नावावर भरवसा ठेवू नका. काही 'क्यूएम' चिपा सोल्डरवाल्या रूपातही निघाल्या होत्या. विकत घेण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि पिना दिसतात का ते बघा.

दुसरा सापळा 'आय७' या नावाचा. आय७-३५२०एम हाही दोनच कोअरचा आहे. नावात आय७ बघून तो घेतलात तर सगळा खटाटोप करून हाती तेच दोन कोअर आणि जरासा जास्त क्लॉक, म्हणजे वेग.

माझ्यापुढे खरे पर्याय दोन. आय७-३७४०क्यूएम, २.७ गिगाहर्ट्झ, ४५ वॅट (भाराखाली साधारण इतकी वीज खाणारी आणि तेवढीच तापणारी). नाहीतर आय७-३६३२क्यूएम, २.२ गिगाहर्ट्झ, ३५ वॅट. मूळची चिपही ३५ वॅटचीच आणि माझा हीटसिंक (चिपेची उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) तिच्या मापाने दिलेला. म्हणून ३६३२ ठरवली. ३७४० टी४३०मध्ये चालवणारे आहेत, पण मला मांडीवर शेगडी नको होती.

रविवार. जुन्याच चिपवर साफसफाई

नवी चिप यायला वेळ होता, तेवढ्यात मशीन उघडून पंखा साफ केला आणि चिप व हीटसिंकच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली. हे मुद्दाम वेगळं केलं. आपण बहुतेक जण चिप बदलतो, त्याच बैठकीत धूळ काढतो, नवी पेस्ट लावतो आणि मग 'बघा किती फरक पडला' म्हणून सांगतो. त्यातला किती फरक चिपेचा आणि किती केरसुणीचा, हे कधी कळतच नाही.

चाचणीला एकच व्हिडिओ फाइल, एन्कोड करायला एक्स२६४ हे सॉफ्टवेअर, प्रत्येक वेळी तीच सेटिंग. उघडण्याआधी ३४ मिनिटं लागली. तापमान १०५ अंशांना टेकलेलं, म्हणजे या चिपेची अगदी शेवटची मर्यादा, आणि क्लॉक सतत खाली-वर. आत बघितलं तर पंखा आणि जाळीच्या मधे गोधडीसारखा जाड थर. पेस्टची वाळून खपली झालेली. सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, जाळी ब्रशने मोकळी केली, नवी पेस्ट लावली. तीच फाइल २९ मिनिटांत झाली, तापमान ८१, आणि क्लॉक दोन्ही कोअरवर ३.१ला खिळल्यासारखा.

पाच मिनिटं वाचली, तीही चिप न बदलता.

त्याच दिवशी बायोसही (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केला. बॅटरी पूर्ण भरलेली, अ‍ॅडॉप्टर जोडलेला, मशीनला हात न लावता बसून राहिलो. नव्या चिपेसाठी लागणारा मायक्रोकोड (चिपेच्या आतल्या सूचना) बायोसमध्येच असतो, त्यामुळे हे काम जुनी चिप असतानाच उरकलेलं बरं.

पुढचा शनिवार. चिप आली

पाकीट उघडल्यावर पहिलं काम, पिना मोजायचा नाही पण निरखायचा कार्यक्रम. एकूण ९८८. टॉर्च आडवा धरून रांगेरांगेने नजर फिरवली तर कडेच्या रांगेतली एक पिन कललेली. पोटात गोळा आला. मेकॅनिकल पेन्सिलमधलं शिसं काढून टाकलं, रिकामं टोक त्या पिनेवर अलगद चढवलं आणि केसाएवढं केसाएवढं करत सरळ केली. एका झटक्यात सरळ करायला जाल तर तुटेल.

मग उघडझाप. बॅटरी काढली, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलासुरला चार्ज घालवला. कीबोर्ड, पामरेस्ट, मग पंखा-हीटसिंक. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे आहेत. मी कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून जागच्या जागी चिकटपट्टीने स्क्रू चिकटवतो. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूने डोकं काढतो, हे एका जुन्या मशीनवर शिकून झालंय.

सॉकेटच्या कडेला चपट्या स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा एक स्क्रू असतो. अर्धा फेरा दिला की पकड सुटते आणि चिप बोटांनी वर उचलून येते. नवी ठेवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा. ती आपल्या वजनाने खाली बसली पाहिजे. दाबावं लागलं तर समजा काहीतरी चुकलंय. बसली. अर्धा फेरा उलटा, पकड घट्ट.

लॅपटॉपच्या या चिपेवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, सिलिकॉन उघडंच असतं. त्यामुळे पेस्ट कमी पडलेली चालत नाही, आणि हीटसिंक तिरका आवळला तर कोपरा टवकायची भीती. चारही स्क्रू कर्णाच्या क्रमाने थोडे थोडे पिळले.

सुरू केलं. पडदा काळा. मग लेनोवोचा लोगो, आणि लगेच 'फॅन एरर' दाखवून मशीन बंद. पंख्याची वायर जोडायलाच विसरलो होतो! चूक सर्वस्वी माझी, पण सांगतो, त्या दहा सेकंदांत मी त्या बिचाऱ्या सरळ केलेल्या पिनेला काय काय म्हणून घेतलं. पुन्हा उघडलं, वायर जोडली, बायोसमध्ये आय७-३६३२क्यूएम हे नाव झळकलं आणि जीव भांड्यात पडला.

रविवार. आकडे

तीच फाइल, १७ मिनिटं. तापमान ८८.

वॅट बघायला टर्बोस्टॅट (चिपेचा वेग आणि वीज दाखवणारा प्रोग्राम) लावून ठेवला होता. सुरुवातीला साधारण अर्धा मिनिट चिप ४३ वॅटच्या आसपास खेचते, मग ३५वर येऊन बसते आणि चारही कोअर २.६ गिगाहर्ट्झच्या आगेमागे चालतात. म्हणजे आता तिला अडवतोय तो उष्णतेचा नव्हे, वॅटचा लगाम. व्होल्टेज कमी करून यातून अजून काही पिळता येईल का, असं विचारणाऱ्यांसाठी : आयव्ही ब्रिजच्या या कुलूपबंद (सेटिंग बदलू न देणाऱ्या) चिपांवर ती सोय नाही, ती मजा हॅसवेलपासून (चौथ्या पिढीपासून) पुढच्यांची.

आता कटू भाग. ब्राउझर उघडणं, फाइल शोधणं, असल्या एकेरी कामांत काडीचाही फरक नाही. उलट ३६३२चा टर्बो ३.२, म्हणजे जुनीपेक्षा किंचित कमीच. ग्राफिक्स दोन्हींत तेच एचडी ४०००. ते व्हीपी९ या स्वरूपातला व्हिडिओ स्वतः उलगडत नाही, तो भार प्रोसेसरवरच येतो, मात्र आता चार कोअर असल्यामुळे चित्र अडखळत नाही. रॅम जेमतेम असेल किंवा अजून हार्ड डिस्कच फिरत असेल तर चिपेच्या नादी लागण्याआधी ते करा.

तीन आठवड्यांनी

एकदाही हँग नाही. मेमटेस्ट (रॅमची चाचणी) रात्रभर चालवली, स्वच्छ. नुसतं वाचन-लेखन असेल तर बॅटरी पूर्वीइतकीच टिकते, कंपाइल लावलं की मात्र भराभर उतरते. ६५ वॅटच्या अ‍ॅडॉप्टरवर पूर्ण भार असताना चार्जिंग रेंगाळत होतं, म्हणून ९० वॅटचा वापरतोय. रात्री आवाज नको असेल तेव्हा टर्बो बंद करतो. मग पंखा जवळजवळ ऐकूच येत नाही आणि तीच फाइल १९ मिनिटांत होते, ही अदलाबदल मला चालते.

जुनी आय५ पिना फोममध्ये खोचून डबीत ठेवलीय. पंख्याच्या बेअरिंगने मात्र आता पूर्ण वेगात किरकिर सुरू केलीय, म्हणजे तो कागदावरचा आराखडा पुन्हा काढावा लागणार.