साठावा वाटा आणि शनिवारचं ठिबक : ज्यू शेतावरचा एक हंगाम

अमेरिकेत कनेक्टिकटच्या डोंगराळ भागात फॉल्स व्हिलेज नावाचं गाव आहे. तिथे २००३ मध्ये 'अदामा' हा ज्यू तरुणांचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तरुणांनी काही महिने शेतावर राहायचं, भाजी पिकवायची, शेळ्या राखायच्या, लोणची घालायची आणि सोबत तोरा (ज्यू धर्मग्रंथ) आणि मिश्ना (धर्मनियमांचा जुना संग्रह) वाचायची. हिब्रूत अदामा म्हणजे माती. आदाम, म्हणजे माणूस, हाही त्याच शब्दातला. त्यानंतर अशी शेतं इतरत्रही उभी राहिली. त्याच पठडीतल्या एका छोट्या सामुदायिक शेतावर मी एक पूर्ण हंगाम काम केलं. इथे लिहितोय ते फक्त कामाबद्दल : धर्माचा नियम वाफ्यात कसा उतरतो आणि कुठे फसतो.

काम थंडीतच सुरू होतं, नकाशा आणि दिनदर्शिका समोर घेऊन. नियम नंतर बघू म्हणून बी पेरलं तर जूनमध्ये उपटायची पाळी येते. आधी ठरवायचं की कुठला नियम इथे लागू आहे. पिकांची सरमिसळ न करणं, दशमांश काढणं, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवणं, हे मुख्यतः इस्रायलच्या भूमीपुरतं. कलमाचे निर्बंध, झाडाची पहिली तीन वर्षं आणि शब्बाथ (शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतची कामबंदी) मात्र जगात कुठेही पाळायचे. शंका आली की रब्बीला, म्हणजे ज्यू धर्मगुरूला, विचारायचं. (रब्बी म्हटल्यावर मला आधी हरभरा आठवायचा, ती सवय मोडायला महिना गेला.)

सरमिसळीचा नियम इथे बंधनकारक नसला तरी शाळेच्या मुलांसाठी एक नमुन्याचा वाफा करतात. मिश्नात माप दिलंय : सहा मुठी लांब, सहा मुठी रुंद वाफ्यात पाच जातींच्या भाज्या, चार बाजूंना चार आणि मध्ये एक. एक मूठ कोणी ८ सेंटिमीटर धरतं, कोणी साडेनऊच्या वर, म्हणजे वाफा ४८ ते ५८ सेंटिमीटरचा. आम्ही ६० सेंटिमीटरची लाकडी चौकट केली. कडांना मुळा, पालक, गाजर, कोथिंबीर, मध्ये लेट्यूस. पहिल्या खेपेला एका कडेला काकडी लावली होती. तीन आठवड्यांत वेल चारही बाजूंना पसरला आणि अंतर शिकवायचा वाफा गोंधळाचा नमुना झाला. तिथे वेलवर्गीय काही लावूच नये.

खरी काळजी झाडांची. रोपवाटिकेला पहिला प्रश्न 'जात कोणती' हा नाही, 'खुंट कोणता', म्हणजे कलम कुठल्या मुळावर बांधलंय, हा विचारायचा. सफरचंद सफरचंदाच्याच खुंटावर असेल तर अडचण नाही. बदाम आणि पीच दिसायला जवळचे असूनही एकमेकांवर चालत नाहीत, हे मिश्नात नाव घेऊन सांगितलंय. पीचची काही व्यापारी रोपं बदाम-पीचच्या संकरित खुंटावर असतात आणि नाशपाती बऱ्याचदा क्विन्स या दुसऱ्या फळझाडाच्या खुंटावर भरलेली असते. ही दोन्ही रोपं रब्बीला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. यातली मेख अशी की चुकीच्या कलमाचं फळ खायला हरकत नाही, पण ते झाड जोपासायला मनाई आहे. म्हणजे पैसे गेल्यावर ते काढावंच लागतं. कोकणातल्या हापूसला ही चिंता नाही, आंबा आंब्यावरच भरलेला असतो.

मग तीन वर्षांचा हिशेब. या काळातलं फळ खायचं नाही. लागवडीपासून सरळ तीन वर्षं मोजली तर चूक होते, कारण वर्ष रोश हशानाला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात येणाऱ्या ज्यू नववर्षाला बदलतं. त्याआधी किमान ४४ दिवस झाड जमिनीत असेल तर तेवढ्यालाच एक वर्ष धरतात. ही मुदत हिब्रू आव महिन्याच्या १५ तारखेला संपते, साधारण जुलैअखेर ते ऑगस्ट. एप्रिलमध्ये लावलेल्या झाडाला पाचेक महिन्यांत एक वर्ष मिळतं. पानगळीनंतर, ऑक्टोबरअखेर लावलेल्याला मात्र जवळजवळ पूर्ण तीन वर्षं थांबावं लागतं. थंड प्रदेशात उघड्या मुळांची रोपं शरदातही लावतात. आम्ही मुद्दाम वसंतात लावली. आणखी एक खाच : ज्यांना असं अर्धवट वर्ष मिळालं, त्यांच्यावर तीन वर्षं संपल्यानंतरच्या शेवाट महिन्याच्या (जानेवारी-फेब्रुवारी) १५ तारखेआधी धरलेलं फळही निषिद्धच.

झाड हलवायचं असेल तर मातीच्या हुंडीसकट हलवा. झाड जगू शकेल एवढी माती सोबत असली तर मोजणी चालू राहते. मुळं उघडी पडली तर पुन्हा शून्यापासून. आम्ही प्रत्येक खोडाला ॲल्युमिनियमची पट्टी बांधली, वर लागवडीची हिब्रू आणि इंग्रजी तारीख कोरून. शाईच्या खुणा एका हिवाळ्यात पुसल्या जातात आणि तारीख गेली की सगळंच गेलं. फुलं खुडून टाकणं बागायतीच्या दृष्टीनेही फायद्याचं, कारण कोवळ्या झाडाची ताकद मुळांना मिळते.

यात केळ्याचा प्रश्न मराठी माणूस विचारणारच. केळीचा बुंधा दरवर्षी मरतो म्हणून तिला झाड धरत नाहीत, तीन वर्षांचा नियम नाही, आणि खाण्याआधी म्हणायचा आशीर्वादही 'जमिनीच्या फळा'चा. बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, मलिद्याच्या ताटात पोहे, खोबरं आणि फळं असतात. तिथेही झाडाचं फळ आणि जमिनीचं फळ यांचे आशीर्वाद वेगळे.

आता पेआ, म्हणजे शेताचा कोपरा गरिबांसाठी सोडणं. सगळ्यांना आवडणारा नियम हाच आणि सगळ्यात जास्त चुकीचा केला जाणाराही हाच. किमान प्रमाण साठावा भाग. ३० मीटरचे ६० वाफे असतील तर एक वाफा. पण मिश्नात अटी आहेत : पीक खाण्याचं हवं, राखलेलं हवं, एकदम काढणीचं आणि साठवणीचं हवं. म्हणून धान्य, कडधान्य, कांदा यांना पेआ लागते. पालक-लेट्यूसला लागत नाही. आणि पेआ कापून द्यायची नसते. उभी सोडायची, घेणाऱ्याने स्वतः कापायची. आपण कापून, धुऊन, खोक्यात भरून अन्नछत्राला पोचवलं तर ते दान झालं, पेआ नव्हे. दोन्ही करा, पण एकाला दुसऱ्याचं नाव देऊ नका.

पहिल्या आराखड्यात कोपरा म्हणून खरंच शेताचा कोपरा धरला होता. तो उतारावर, ठिबकच्या शेवटच्या टोकाला, पाणी कमी आणि तण जास्त असा होता. गरिबाला शेतातलं सर्वांत वाईट पीक, असा त्याचा अर्थ झाला. रब्बींनी कोपऱ्याची जी कारणं दिलीत त्यात एक हे की गरिबाचा वेळ वाया जाऊ नये. कधी काढणी होईल याची वाट बघत त्याला बसावं लागू नये. ते वाचल्यावर पेआचा वाफा रस्त्याकडेच्या फाटकाजवळ आणला. सोबत काय लागतं ते लिहून ठेवतो : फाटकावर दिवस आणि वेळ, गाडी लावायला जागा, चार कात्र्या, पिशव्या, हात धुवायला नळ आणि शौचालय. शनिवारी ठेवायचं नाही, आणि रविवारी सकाळी लोक चर्चमध्ये असतात. आमच्याकडे बुधवार संध्याकाळ जमली.

शब्बाथचं काम शुक्रवारी नाही, गुरुवारी सुरू होतं. रायगडातले बेने इस्रायल तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. घाणा बंद ठेवता येतो, हरितगृहातल्या मिरचीच्या रोपाला तसं सांगता येत नाही. सूर्यास्ताआधी लावलेला टायमर चालतो, म्हणून सगळं पाणी ठिबकवर. गुरुवारी टायमरची एक पूर्ण फेरी चालवायची आणि प्रत्येक वाफ्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन बघायचं. शुक्रवारी दुपारी गळती सापडली तर हातात वेळ नसतो. एकदा टायमरची बॅटरी अर्धी संपलेली होती. झडप उघडली, बंद झालीच नाही, आणि रविवारी टोमॅटोचे वाफे चिखल झाले होते. तेव्हापासून दर महिन्याला नव्या बॅटऱ्या, जुन्या चांगल्या असल्या तरी.

हरितगृहाच्या झरोक्यांना वीज न लागणारी मेणाची नळी बसवा. ऊन वाढलं की मेण फुगतं, दांडा झरोका ढकलतो. गार झालं की स्प्रिंग तो ओढून घेते. रोपांचे ट्रे शुक्रवारी दुपारी तळातून भिजवायचे, वरून शिंपडलेलं शनिवार दुपारपर्यंत टिकत नाही. जनावरांना चारा-पाणी शब्बाथलाही द्यायचंच, आणि एरवीही आपण जेवायच्या आधी. दूध काढण्यासाठी ज्यू नसलेल्या शेजाऱ्याशी हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवायचं, आयत्या वेळी नाही. शब्बाथला घातलेलं अंडं त्या दिवशी हलवायचं नाही. साध्या खुराड्यात कोंबड्या ते टोचून फोडतात. तळ उतरता करून अंडं बाहेरच्या पन्हाळीत घरंगळेल असं केलं की प्रश्न मिटतो.

सण लागून आले की हाच घोळ तिप्पट. २०२४ मध्ये रोश हशाना ३ आणि ४ ऑक्टोबरला, गुरुवार-शुक्रवारी होता, लगेच शब्बाथ. तीन दिवस काढणी नाही, आणि दंव गोठायचा मोसम. अशा वर्षी बुधवारी दुपारीच वाफ्यांवर कापड अंथरून कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबाव्यात. दगड वाऱ्यात सरकतात.

पेसाख या वसंतातल्या सणाची खोड वेगळी. गव्हाचा-बार्लीचा आंबलेला अंश घरात आणि मालकीत नको, हे सगळ्यांना माहीत असतं. कोंबड्यांच्या खाद्यात गहू असतो हे आदल्या आठवड्यात आठवतं. गहू-बार्ली-ओट नसलेलं मका-सोयाबीनचं खाद्य महिनाभर आधी मागवा आणि दहा दिवसांत थोडंथोडं मिसळत बदला. खाद्य एकदम बदललं तर अंडी कमी होतात.

कीटकांचंही तसंच. डोळ्यांना दिसणारा किडा पोटात जाणं निषिद्ध, आणि फवारणी न केलेल्या शेतात मावा-फुलकिडे असणारच. उपाय बियाणं मागवतानाच करावा : केल या पालेभाजीच्या कुरळ्या पानांच्या जातीऐवजी लांब, चपट्या पानांची लॅसिनाटो. कुरळं पान तपासायला तिप्पट वेळ जातो. धुताना पाण्यात थोडा भाजी धुण्याचा साबण, पाच मिनिटं भिजवणं, हलवणं, स्वच्छ धुणं, मग पान उजेडासमोर धरणं. लोणच्यात शेपूची फुलं सगळ्यात दगाबाज; छत्रीच्या आत मावा लपतो. आधी पांढऱ्या ताटात झटका, मग फुलं मलमलच्या पुरचुंडीत बांधून बरणीत टाका. बाकी लोणचं सोपं : लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम साधं मीठ, काकडीचं फुलाकडचं टोक दोन-तीन मिलिमीटर कापलेलं (त्यातल्या विकरांमुळे काकडी मऊ पडते), लसूण, मोहरी, काकड्या पाण्याखाली बुडालेल्या, २० अंशांच्या आसपास. कुरकुरीतपणासाठी द्राक्षाचं एखादं पान. पण म्हणून द्राक्षवेल काकडीच्याच मांडवावर चढवायची नाही. द्राक्षाजवळच्या पेरणीवर इस्रायलबाहेरही निर्बंध आहेत. आम्ही मध्ये अडीच मीटर मोकळे ठेवले.

मक्याची ताटं कणसं काढल्यावर लगेच कापू नका, सुक्कोत या शरदातल्या सणाच्या मांडवाचं छप्पर त्यांचंच होतं. छप्पर जमिनीतून कापलेल्या वनस्पतीचं हवं आणि उन्हापेक्षा सावली जास्त हवी. कापल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी पानं आक्रसतात आणि सावली कमी पडते, म्हणून पहिल्याच दिवशी गरजेच्या दीडपट ताटं घाला. सण संपला की ती १५ सेंटिमीटरच्या तुकड्यांत तोडून कंपोस्टच्या तळाशी अंथरा. अख्खी टाकली तर वसंतात तशीच्या तशी सापडतात.